खोली वाढवणारा आणि खोली अडवणारा



धुळे शहरात प्रथमच येणाऱ्या माणसाला तेथील गल्ल्यांना क्रमांक दिलेले पाहून नवल वाटते. चार नंबरची गल्ली, पाच नंबरची गल्ली, सहा नंबरची गल्ली अशा समांतर रेषांत वसलेली ही पेठ आपोआप वाढलेली नाही, ती आखलेली आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर खान्देशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्याकडे आला. त्याने धुळे हे कारभाराचे ठाणे ठरवले, नवी पेठ आखली, बाहेरून व्यापारी आणि कारागीर बोलावले, त्यांना कायमच्या सारामाफीने जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही दिल्या. ब्रिग्जने हे परोपकारबुद्धीने केले असे मानण्याचे कारण नाही. पेठ भरली तर कंपनी सरकारचा वसूल वाढणार होता. तथापि त्याच्या योजनेतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारी रक्कम मिळाली ती नवे घर बांधणाऱ्याला. उभे असलेले घर विकत घेऊन ठेवणाऱ्याला ती मिळाली नाही. आजच्या विवेचनाचा सारा भर या एका फरकावर आहे.

भाड्याच्या घरांचा प्रश्न निघाला की कार्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबईची चाळ आणि तिचा शेठ उभा राहतो. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर या गावांतील घरमालक बहुधा निराळा असतो. तो रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक असतो, यंत्रमागाच्या चार मागांचा मालक असतो, किंवा नवऱ्यामागे घर चालवणारी एखादी बाई असते. खाली स्वतः राहायचे आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढून भाड्याने द्यायच्या, ही त्यांची म्हातारपणची तजवीज असते. त्यांचा भाडेकरूही त्यांच्याच थरातला असतो. औद्योगिक वसाहतीतील डाळमिलचा किंवा पाइपच्या कारखान्याचा कामगार, १९९० मध्ये स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठात शिकायला आलेला चोपडा-यावलकडचा मुलगा, बदलीवर आलेली परिचारिका, हे या खोल्यांचे गिऱ्हाईक. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जळगाव शहराची वस्ती साडेचार लाखांवर आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीला सरकारने किंवा गिरणीमालकांनी बांधलेली घरे फार थोडी आहेत. भाड्याच्या निवाऱ्याचा मोठा भार दोन-चार खोल्यांच्या अशा मालकांनीच वाहिलेला आहे. त्यांना सरसकट शोषक ठरवून बाजूला सारणे हे अर्थशास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि राजकीयदृष्ट्या अविचाराचे ठरेल.

मात्र याच मालकाला आज दुसराही एक मार्ग दाखवला जातो. बँकेचे कर्ज काढा, एक फ्लॅट घ्या, त्याच्या भाड्यात हप्ता फेडा, मग दुसरा घ्या, तिसरा घ्या. भाडेकरू तुमचे कर्ज फेडील आणि तुम्ही मालमत्तेचे धनी व्हाल. हा हिशेब खरा आहे काय, हे कागद-पेन्सिल घेऊन तपासले पाहिजे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत; प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून ते पुन्हा मांडावेत.

समजा, एका निवृत्त शिक्षकाचा स्वतःचा प्लॉट आणि त्यावर घर आहे. वर दोन स्वतंत्र खोल्या काढायला १२ लाख रुपये खर्च येतो. प्रत्येक खोलीला ४,५०० प्रमाणे महिन्याला ९,००० रुपये भाडे येते. खोली बदलताना वर्षातला एक महिना रिकामा जातो असे धरले, तर वर्षाचे भाडे ९९,००० होते. घरपट्टी, पाण्याची मोटार, रंगसफेदी आणि किरकोळ दुरुस्ती यांना १५,००० गेले की हाती ८४,००० उरतात. आता त्याने ९ लाख रुपये ९ टक्के व्याजाने १५ वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ९,१३० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे १,०९,५०० रुपये पडतो. दरसाल साडेपंचवीस हजारांची तूट त्याच्या पेन्शनीतून जाईल. त्याने भविष्यनिर्वाह निधीतील ६ लाख घातले आणि ६ लाखच कर्ज काढले, तर हप्ता वर्षाला सुमारे ७३,००० होतो आणि दरसाल अकरा हजारांच्या आसपास शिल्लक पडते. खोल्या त्याच, भाडे तेच; निम्मे स्वतःचे आणि निम्मे उसने एवढ्या फरकाने तूट संपून शिल्लक उरली. पुढे भाडे हळूहळू चढते आणि व्याजाचा दर वाढला नाही तर हप्ता स्थिर राहतो, म्हणून ही शिल्लक दरवर्षी थोडी वाढत जाते. तीच साठवून पाच-सात वर्षांनी तिसरी खोली काढता येते. छोट्या मालकाच्या वाढीचा हा संथ परंतु भरवशाचा मार्ग आहे.

आता दुसरा मार्ग पाहू. समजा, ३० लाखांचा तयार फ्लॅट घेतला, ६ लाख स्वतःचे घातले आणि २४ लाख रुपये ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले. हप्ता महिन्याला सुमारे २१,६०० रुपये येतो. पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच १८,००० रुपये होते. त्या फ्लॅटला भाडे ८,००० मिळाले, तर भाडेकरू मुद्दल फेडणे दूरच, व्याजाचा निम्मा भागही भरत नाही. उरलेले तेरा-साडेतेरा हजार रुपये दर महिन्याला पगारातून घालावे लागतात. हे करणारा माणूस वेडा नसतो. फ्लॅटची किंमत वाढेल आणि विकताना सारे भरून निघेल, असा त्याचा अंदाज असतो. पण मग हा व्यवहार घरभाड्याचा राहिला नाही, तो किमतीवर लावलेला सट्टा झाला. किंमत चढली नाही, नोकरी सुटली किंवा घरात आजारपण निघाले, की असे दोन-तीन हप्ते डोक्यावर असलेला माणूस ज्या वेगाने वर चढला त्याच्या दुप्पट वेगाने खाली येतो.

या दोन व्यवहारांत समाजाच्या दृष्टीने जो फरक आहे तो अधिक महत्त्वाचा आहे. पहिल्या माणसाने गावात दोन खोल्या वाढवल्या. दोन कुटुंबांना छप्पर मिळाले आणि आसपासच्या भाड्यावरचा ताण तेवढा हलका झाला. दुसऱ्याने उभा असलेला फ्लॅट विकत घेतला. गावातील घरांच्या संख्येत एकाचीही भर पडली नाही. राहण्यासाठी घर शोधणाऱ्या एका कुटुंबाशी त्याने भावात स्पर्धा केली, एवढेच घडले. त्यातून तो फ्लॅट भाड्याने न देता कुलूप लावून ठेवला, तर घर असून नसल्यासारखे झाले. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती. घरांची टंचाई आणि रिकामी घरे एकाच शहरात नांदतात, त्याचे एक कारण येथे आहे. पहिला माणूस खोली वाढवणारा, दुसरा खोली अडवणारा. दोघांनाही घरमालक हा एकच शब्द लावल्याने आपल्या विचारात गोंधळ होतो.

हा गोंधळ सरकारी धोरणातही आहे. प्राप्तिकर आकारताना भाड्याच्या उत्पन्नातून भरलेली घरपट्टी वजा होते, वर ३० टक्के सरसकट सूट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा करता येते. ही सवलत नवी खोली बांधणाऱ्याला आणि तयार फ्लॅट घेणाऱ्याला सारखीच आहे. बँक तर याहून पुढे जाते. ती घर किती भाडे आणील हे फारसे पाहत नाही, अर्जदाराला पगार किती हे पाहते. ज्याला पगार आहे आणि राहायला घरही आहे, त्याला तिसऱ्या फ्लॅटचे कर्ज सहज मंजूर होते. जिच्याजवळ मोक्याचा प्लॉट आहे पण पगाराची पावती नाही, त्या विधवेला दोन खोल्यांसाठी कर्ज मिळत नाही. पुष्कळदा तिचा प्लॉट शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेल्या वस्तीत असतो. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना त्याचा लाभ खुला झाला. परंतु कागद पुरे करण्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा ज्याला परवडतात, त्यालाच हा लाभ पोचतो.

बँक दारात उभी करत नाही तेव्हा माणूस पतसंस्थेकडे वळतो. या बाबतीत जळगावकरांना नव्याने सांगण्यासारखे फार थोडे आहे. जळगावात मुख्यालय असलेली भाईचंद हिरालाल रायसोनी ही बहुराज्यीय पतसंस्था २०१५ मध्ये अवसायनात निघाली आणि हजारो ठेवीदारांची पुंजी अडकून पडली. त्यापुढची कथा अधिक विचार करायला लावणारी आहे. अवसायनाच्या काळात संस्थेच्या मालमत्ता कवडीमोलाने विकल्या गेल्या आणि अडचणीतल्या ठेवीदारांच्या पावत्या कमी भावात घेऊन त्या मोठ्या कर्जदारांच्या खात्यांत वळत्या केल्या गेल्या, असे आरोप झाले आणि २०२० मध्ये त्यावरून पोलीस कारवाई झाली. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होवो. येथे लक्षात ठेवायचे ते असे की बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. खोली बांधण्यासाठी पै-पै साठवणाऱ्याने दोन टक्के जादा व्याजाच्या मोहाने ती पुंजी कोठे ठेवावी, हा प्रश्न कर्ज कोठून काढावे या प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

भाड्याच्या कायद्याविषयीही मोकळेपणाने बोलले पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने बहुतेक भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली. महागाईच्या आणि टंचाईच्या त्या काळात हे संरक्षण आवश्यकच होते. पण पुढील पन्नास वर्षे ते भाडे जवळजवळ गोठलेले राहिले. मालकाने दुरुस्ती सोडली, नवी खोली भाड्याने देण्याचे टाळले, आणि भाड्यात न मिळणारा पैसा पागडीच्या रूपाने काळ्या मार्गाने फिरू लागला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या गोठवणुकीच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असे स्पष्ट मत दिले. त्यानंतर महाराष्ट्राचा नवा भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाड्यात दर वर्षी ४ टक्के वाढ मान्य केली. भाडे नियमित भरणाऱ्याला काढून टाकण्यावरची बंधने आणि पाणी-वीज तोडण्याची बंदी कायम ठेवली. आणि भाड्याचा प्रत्येक करार लेखी व नोंदलेला असावा, ती जबाबदारी मालकाची, असे ठरवले. करार नोंदला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय कराराच्या अटींविषयी वाद निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

ही तरतूद आपल्या भागात किती पाळली जाते? खोली तोंडी बोलीवर दिली जाते, अनामत रकमेची पावती नसते, भाडे रोखीने घेतले जाते. मालकाला वाटते, कागद केला तर भाडेकरू कायमचा बसेल. भाडेकरूला वाटते, कागद मागितला तर खोलीच मिळणार नाही. वस्तुतः लिव्ह अँड लायसन्स करारात मुदत संपल्यावर खोली परत मिळण्याची तजवीज याच कायद्यात आहे. ४,५०० रुपये भाड्याच्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्क्याप्रमाणे मुद्रांक शुल्क सव्वाशे रुपयांच्या आसपास आणि शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये लागते. एवढ्या खर्चात मालकाची भीती जाते आणि कामगाराला शिधापत्रिका, गॅस व मुलाचा शाळाप्रवेश यांसाठी पत्त्याचा पुरावा मिळतो. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गाने धुळ्यावरून पायी गेलेल्या माणसांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना पत्ता नसलेल्या भाडेकरूची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. काम थांबले आणि खोलीचे भाडे निघेना, म्हणून त्यांतील अनेकांनी रस्ता धरला होता.

आतापर्यंत खाजगी मालकाचा विचार झाला. पण सार्वजनिक संस्थाही घरमालक असते, आणि उसन्या पैशावर मालमत्ता वाढवली की काय होते याचा मोठा धडा जळगावच्या नगरपालिकेनेच घालून दिला आहे. तिने गावात व्यापारी संकुले उभारली, गाळे भाड्याने दिले. सतरा मजली प्रशासकीय इमारत आजही दुरून दिसते. स्वतःचा पैसा न घालता, विकसकाने बांधावे, काही भाग नगरपालिकेला द्यावा आणि उरलेल्या गाळ्यांच्या दीर्घ मुदतीच्या पट्ट्यातून आपला खर्च व नफा काढावा, ही तिची पद्धत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. जी. बी. महाजन विरुद्ध जळगाव नगरपरिषद या खटल्यात न्यायालयाने १९९० मध्ये ती रद्द करण्यास नकार दिला. नेहमीच्या चाकोरीबाहेरची एवढ्यावरूनच योजना बेकायदा ठरत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. प्रयोग करण्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. प्रयोगाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी मात्र गावाचीच होती.

तो हिशेब राहिला नाही. नगरपालिकेने निरनिराळ्या योजनांसाठी हुडकोकडून मोठी कर्जे काढली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुलांची योजना हाती घेतली गेली. पुरी झाली ती सुमारे दीड हजार. २००६ मध्ये गुन्हा नोंदला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. त्या निकालाविरुद्ध अपिले दाखल झाली. त्यांचा निर्णय न्यायालय करील. पण घर न मिळालेल्या कुटुंबांचा आणि फिरत राहिलेल्या व्याजाचा निर्णय काळाने आधीच केला होता. दुसरीकडे २०१२ मध्ये महापालिकेच्या संकुलांतील दोन हजारांहून अधिक गाळ्यांच्या करारांची मुदत संपली. नवे भाडे किती, थकबाकी किती, यावर वर्षानुवर्षे वाद चालला आणि तो उच्च न्यायालयात गेला. म्हणजे एका हाताला व्याज थांबत नव्हते आणि दुसऱ्या हाताला भाडे येत नव्हते. महापालिकेची बँक खाती गोठण्याची पाळी आली आणि अखेर २०१९ मध्ये राज्य शासनाच्या साह्याने हुडकोच्या कर्जाची तडजोड करावी लागली. मधल्या काळात रस्ते, गटारी आणि दवाखाने यांच्या वाट्याचा पैसा हप्त्यांत गेला. ज्या माणसाचा एकही गाळा नव्हता त्यानेही हे कर्ज फेडले. शिक्षकाच्या दोन खोल्यांचा आणि महानगरपालिकेच्या दोन हजार गाळ्यांचा नियम एकच आहे. भाडे किती येईल हे आधी ठरवावे, कर्ज त्याच्या आत बसवावे.

यावरून सार्वजनिक संस्थेने घरे बांधूच नयेत, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चूक होय. व्हिएन्ना शहराने १९२३ मध्ये घरबांधणीसाठी स्वतंत्र कर बसवला. साध्या घरावर अल्प आणि आलिशान घरावर चढत्या दराने तो आकारला जाई. ह्यूगो ब्राइटनर या अर्थविभागाच्या प्रमुखाचा आग्रह असा की घरे करातून बांधावीत, कर्जातून नव्हे. व्याजाचा बोजा नसल्यामुळे देखभालीपुरते भाडे आकारले तरी भागे. १९३४ मध्ये बंदुकीच्या बळावर ती राजवट मोडली जाईपर्यंत साठ हजारांहून अधिक घरे उभी राहिली होती, आणि त्यांत आजही माणसे भाड्याने राहतात. धुळे किंवा जळगाव म्हणजे व्हिएन्ना नव्हे, हे उघड आहे. तरीही बंद ठेवलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या फ्लॅटवर घरपट्टीचा चढा दर लावून तो पैसा फक्त भाड्याच्या घरांसाठी राखून ठेवायला व्हिएन्नाएवढी श्रीमंती लागत नाही. त्यासाठी शासनाकडे मागणी रेटण्याची आणि सभागृहात बहुमत जमवण्याची हिंमत लागते.

कार्यकर्त्यांनी उद्यापासून करावयाची कामे यातूनच निघतात. आपल्या वॉर्डातील कुलूपबंद घरांची यादी करावी. भाडेकरू आणि छोटा मालक यांना एकत्र बसवून करार नोंदवून द्यावेत. या कामाला वकिलाहून चिकाटी अधिक लागते. स्वतःच्या प्लॉटवर एक-दोन खोल्या वाढवणाऱ्याला बांधकाम परवाना ठरलेल्या मुदतीत मिळावा आणि भाड्याचा नोंदलेला करार बँकेने पगाराच्या पावतीइतकाच ग्राह्य धरावा, अशी मागणी महापालिकेपुढे व जिल्ह्याच्या अग्रणी बँकेपुढे मांडावी. महापालिकेने प्रत्येक संकुलाचे भाडे, थकबाकी आणि त्यावरचे कर्ज दर वर्षी मार्चअखेर जाहीर फलकावर लावावे. आणि दुसऱ्या फ्लॅटसाठी कर्ज काढायला निघालेला एखादा शेजारी सल्ला विचारायला आला, तर त्याला उपदेश न करता वरचे दोन हिशेब त्याच्याच आकड्यांनी मांडून दाखवावेत. वर्षातले किती महिने भाडे येईल आणि किती महिने हप्ता जाईल, एवढे त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढले, तरी बरेच काम झाले.